इंग्रजीच्या गृहकृती आणि मराठी घर : इयत्ता तिसरी ते पाचवीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात जून २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांमध्ये इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तत्पूर्वी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची इंग्रजीशी पहिली गाठ पाचवीत पडत असे. या निर्णयाची त्या काळी आणि नंतरही भरपूर चर्चा झाली. शिक्षकांची तयारी, पाठ्यपुस्तकांचे स्वरूप, मातृभाषेवर होणारा परिणाम या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. परंतु या निर्णयाबरोबर इंग्रजी शाळेचा उंबरठा ओलांडून घरातही शिरली, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पहिली-दुसरीत बडबडगीते, चित्रे आणि अक्षरे गिरवणे यांवर भागते. तिसरीपासून मात्र ‘घरी करून पाहा’, ‘पालकांच्या मदतीने पूर्ण करा’, ‘घरातील व्यक्तींशी इंग्रजीत बोला’ अशा सूचनांच्या कृती येऊ लागतात आणि पाचवीपर्यंत त्यांची संख्या वाढत जाते.

प्रस्तुत लेखात अशा कृतींना ‘गृहकृती’ म्हटले आहे. गृहपाठात वर्गात शिकलेल्या मजकुराचा घरी सराव अपेक्षित असतो. गृहकृतीत घर, घरातील माणसे आणि वस्तू हेच शिकण्याचे साधन मानलेले असते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण प्राथमिक स्तरावरील गृहपाठाबद्दल शिक्षणतज्ज्ञांचे मत बऱ्याच काळापासून प्रतिकूल आहे. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये असे म्हटले होते. अपवाद केला होता तो घरच्या परिसरात मुलाने करावयाच्या शोधाचा. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील संशोधनाचा २००६ मध्ये जो आढावा घेतला, त्यातही गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध माध्यमिक वर्गांत जितका दिसतो तितका प्राथमिक वर्गांत दिसत नाही असे आढळले. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांच्या गृहपाठाची मर्यादा सुचवली. म्हणजे धोरणाच्या पातळीवर गृहपाठ आक्रसत गेला आणि यशपाल समितीने सोडलेल्या अपवादाच्या वाटेने गृहकृती वाढत गेली. हा अपवाद इंग्रजीच्या बाबतीत कितपत पाळला गेला, गृहकृती खरोखर घराचा शोध घेते की गृहपाठच नवे नाव घेऊन येतो, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

गृहकृतीतील पालक

गृहकृतींचे साहित्य सर्वाधिक प्रमाणात समोर आले ते करोनाच्या काळात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्ये प्राथमिक स्तरासाठी पर्यायी शैक्षणिक दिनदर्शिका काढली. तीत आठवडावार अध्ययन निष्पत्ती आणि त्यांसमोर घरी करण्याच्या कृती दिल्या होत्या. महाराष्ट्रात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासमाला सुरू केली. पुढे जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला आणि दिवसागणिक कृतिपत्रिका मुलांच्या हाती पडू लागल्या. शाळा बंद असताना इतक्या अल्पावधीत इतके साहित्य निर्माण करणे सोपे नव्हते, आणि ज्यांनी ते केले त्यांच्या श्रमांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दिनदर्शिकेने तर इंटरनेट नसलेल्या घरांसाठी दूरध्वनी व लघुसंदेश यांचाही विचार केला होता. साधनांच्या अभावाची जाणीव निर्मात्यांना होती, असा याचा अर्थ.

प्रश्न साधनांच्या पलीकडचा आहे. ‘असर’च्या २०२० च्या ग्रामीण पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. त्याच पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत असल्याचे दिसले; आईवडिलांचे शिक्षण अल्प असलेल्या घरांतही थोरली भावंडे हे काम करीत होती. घर मदतीला तयार आहे, हे यावरून स्पष्ट होते. कृतीने त्या घराकडून नेमके काय मागितले, हे मात्र तपासले पाहिजे.

या दृष्टीने इंग्रजीच्या गृहकृती वाचल्या, की त्यांत एक विशिष्ट पालक गृहीत धरलेला दिसतो. हा पालक इंग्रजी वाक्य बरोबर की चूक हे सांगू शकतो. तो मुलाचा उच्चार सुधारतो, मुलाशी दहा मिनिटे इंग्रजीत संवाद करतो, गोष्ट वाचून दाखवतो, शब्दकोशात शब्द शोधायला मदत करतो आणि शेवटी सही करतो. थोडक्यात, तो विनावेतन काम करणारा इंग्रजीचा शिक्षक असतो. आज पाचवीत असलेल्या मुलांच्या पालकांचा विचार केला तर हे गृहीत किती डळमळीत आहे ते कळते. जून २००० मध्ये पहिलीत बसलेली पहिली तुकडी आता कुठे तिशी ओलांडते आहे. त्याआधीच्या पिढीतील, मराठी शाळेत शिकलेल्या पालकाने इंग्रजी पाचवीत सुरू केली आणि बहुधा शब्दार्थ, भाषांतर व व्याकरणाचे नियम या मार्गाने केली. त्याला इंग्रजी अजिबात येत नाही असे नाही. त्याला ती बोलण्याची सवय नाही, आणि मुलासमोर चुकण्याची भीती आहे.

ही भीती क्षुल्लक मानता येणार नाही. नऊ-दहा वर्षांचे मूल घरातील माणसांना नव्याने पारखू लागलेले असते. आईला पिकाचे, हिशेबाचे, दुखण्याखुपण्याचे सारे कळते हे त्याने पाहिलेले असते. ‘आईशी इंग्रजीत बोला आणि संवाद वहीत लिहा’ ही कृती त्याला एका संध्याकाळी दाखवून देते, की शाळा ज्याला ज्ञान म्हणते ते आईजवळ नाही. कृती तयार करणाऱ्याचा असा हेतू निश्चितच नसतो. परंतु हेतू नसताना घडणारा परिणाम हाही अभ्यासक्रमाचाच भाग असतो. मग घर आपापल्या परीने मार्ग काढते. संवाद गाईडातून उतरवला जातो, चित्रांचा तक्ता स्टेशनरीच्या दुकानातून आणला जातो, कृतीची वही शिकवणीच्या बाईंकडे जाते. अलीकडे मोबाईलवरील भाषांतराची सोय हेच काम अर्ध्या मिनिटात करून देते. वही भरते, सही होते, आणि घराचा शोध घेण्यासाठी योजलेली कृती घराला वगळून पूर्ण होते.

भांड्यांची नावे, नात्यांची नावे

इयत्ता तिसरी-चौथीतील दोन गृहकृती इतक्या रूढ आहेत, की त्या कोणी प्रथम योजल्या हे विचारण्यातही अर्थ नाही. घरातील वस्तूंना इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावणे ही एक, आणि आपल्या कुटुंबाचा वृक्ष काढून नाती इंग्रजीत लिहिणे ही दुसरी. दोन्ही दिसायला निरुपद्रवी आहेत. दोहोंचा बारकाईने विचार केला, तर गृहकृतीतील दोष आणि तिची शक्यता एकाच वेळी दिसते.

चिठ्ठ्यांची कृती घराची दोन भागांत विभागणी करते. टेबल, खुर्ची, खिडकी, पंखा, आरसा यांना चिठ्ठी मिळते. परात, सांडशी, पोळपाट, रवी, सूप, पाटा-वरवंटा यांना ती मिळत नाही, किंवा शब्दकोशातून एखादा असा शब्द मिळतो जो इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलालाही ठाऊक नसावा. ज्या घरात टेबलखुर्ची नाही आणि सूप आहे, त्या घरातील मुलाची यादी सर्वांत लहान भरते. भाषेचे ज्ञान मोजण्यासाठी दिलेली कृती नकळत घराची ऐपत मोजते.

याच वस्तूंचा वेगळा उपयोग करता येतो. रवीला इंग्रजीत काय म्हणतात हा प्रश्न सोडून, रवी न पाहिलेल्या माणसाला ती इंग्रजीत कशी समजावून सांगशील, असा प्रश्न पाचवीच्या मुलाला दिला तर ‘इट इज मेड ऑफ वुड’, ‘वी यूज इट टू मेक बटरमिल्क’ अशी वाक्ये लागतात. ती रचना त्याच्या आवाक्यातील आहे. त्याआधी रवी कोणत्या लाकडाची असते, तिला दोरी का बांधत, आता ती का वापरली जात नाही, हे त्याला आजीला विचारावे लागते. विचारणे मराठीतच होते आणि व्हायला हवे. येथे आजी अडचण न राहता माहितीचा स्रोत होते. इंग्रजीची जबाबदारी मुलावर आणि शाळेवर राहते. वस्तूविषयीचे ज्ञान घराचे असते.

नात्यांच्या वृक्षात ही गोष्ट अधिक ठळक होते. मराठी मुलाला आत्या, मावशी, काकू आणि मामी या चार वेगळ्या व्यक्ती आहेत. त्यांच्या घरी जाण्याचे प्रसंग वेगळे, त्यांच्याशी बोलण्याची रीत वेगळी, लग्नाकार्यातील त्यांचे मान वेगळे. कृतीच्या वृक्षावर चौघींच्या खाली ‘आंट’ हा एकच शब्द येतो. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, आणि त्यांच्या बहिणीही, ‘कझिन’ या एका शब्दात सामावतात. मूल या ठिकाणी अडखळते, आणि ते स्वाभाविक आहे. दोन भाषांनी जगाची विभागणी वेगवेगळी केलेली आहे हे भाषाशिक्षणातील एक मूलभूत सत्य त्याच्या समोर आलेले असते. परंतु रूढ कृतीला या अडखळण्याशी कर्तव्य नसते. तिला चौकट भरलेली हवी असते.

येथेही कृती थोडी वळवली तर बरेच साधते. आत्या म्हणजे ‘माय फादर्स सिस्टर’, मामी म्हणजे ‘माय मदर्स ब्रदर्स वाइफ’ असे सांगताना मूल मालकी दाखवणाऱ्या रूपाचा पुनःपुन्हा, अर्थासह आणि गरजेपोटी वापर करते. हेच रूप व्याकरणाच्या पाठात रिकाम्या जागांच्या रूपाने त्याच्यासमोर येते तेव्हा तो सराव निर्जीव असतो. शिवाय दोन भाषांची तुलना करण्याची सवय लागते ती वेगळीच. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले परस्परावलंबनाचे गृहीतक असे, की पहिल्या भाषेतील विचारसामर्थ्य दुसऱ्या भाषेच्या शिकण्याला आधार देते. मराठीत जे स्पष्ट झालेले आहे ते इंग्रजीत सांगण्याची धडपड आणि मराठीला वगळून इंग्रजी शब्दाची चिठ्ठी चिकटवणे, यांतील पहिल्या गोष्टीला त्या गृहीतकाचा आधार मिळतो. दुसरीला मिळत नाही.

माहितीची दरी कोठे आहे

भारतातील इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत राबवलेला बंगळूर प्रकल्प सुपरिचित आहे. लक्ष अर्थावर असताना भाषेचे रूप आपोआप आत्मसात होते, ही त्याची धारणा होती. प्रभूंनी भाषिक कृतींचे तीन प्रकार केले होते : माहितीच्या दरीवर आधारलेल्या, तर्काच्या दरीवर आधारलेल्या आणि मताच्या दरीवर आधारलेल्या. एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसते, म्हणून बोलावे लागते, ही माहितीची दरी. वर्गासाठी प्रभूंनी स्वतः तर्काच्या दरीच्या कृतींना अधिक पसंती दिली होती, हे नमूद केले पाहिजे. वर्गात माहितीची दरी मुद्दाम निर्माण करावी लागते. दोन मुलांना दोन वेगळी चित्रे देऊन ती उभी करतात आणि मुलांनाही तो खेळ आहे हे कळते.

घर आणि वर्ग यांच्यामध्ये मात्र ही दरी खरीखुरी असते. मुलाच्या घरी काल काय घडले, त्याच्या आजोबांनी पहिली नोकरी कोठे केली, त्यांच्या गावच्या बाजाराचा वार कोणता, शेळीला ताप आला तर घरात काय करतात, हे शिक्षकाला ठाऊक नसते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांना भेटी देऊन १९९२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शाळेने अभावग्रस्त ठरवलेल्या या घरांत शेती, बांधकाम, व्यापार, औषधोपचार यांविषयीच्या ज्ञानाचे साठे असल्याचे दाखवले होते. त्या अभ्यासाची पार्श्वभूमी महाराष्ट्राहून वेगळी आहे, हे खरे. तेथील मूल इंग्रजीच्या समुद्रात राहते आणि घर हे त्यातील बेट असते. महाराष्ट्रातील खेड्यात परिस्थिती नेमकी उलट असते. तरीही घराचे ज्ञान वर्गात आणण्याचे तत्त्व येथे अधिक उपयोगी पडावे, कारण वर्गात इंग्रजी बोलण्यासाठी खरे कारण मिळणे हीच येथील मोठी अडचण आहे. आजीने सांगितलेली गोष्ट शिक्षकाला ठाऊक नाही, एवढे कारण पुरेसे असते. टेबलाला टेबल म्हणतात हे सांगण्याची कोणालाच गरज नसते.

वेष्टनावरील आणि बोलण्यातील इंग्रजी

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या इंग्रजी अध्यापनविषयक आधारपत्राने दोन कसोट्यांवर शाळांचे वर्गीकरण केले होते : शिक्षकाचे इंग्रजीवरील प्रभुत्व आणि विद्यार्थ्याच्या परिसरातील इंग्रजीचे अस्तित्व. परिसर भाषेने समृद्ध असावा, हा त्या पत्राचा आग्रह रास्तच होता. मात्र इंग्रजीचा अभाव असलेला परिसर असे ज्याला म्हटले जाते, तो खरोखर किती रिकामा असतो, हे तपासण्यासारखे आहे.

वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार वेष्टनावरील अनिवार्य मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीतच असतो. त्यामुळे ज्या घरात इंग्रजी पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, त्या घरातही साबणाच्या, बिस्किटांच्या, चहाच्या पुड्यांवर, औषधांच्या पट्ट्यांवर, खताच्या पोत्यांवर इंग्रजी छापलेली असते. ‘शेक वेल बिफोर यूज’, ‘कीप इन अ कूल अँड ड्राय प्लेस’ ही आज्ञार्थी वाक्ये आहेत. वजन, किंमत, तारीख हे अंक व संक्षेप आहेत. पाचवीचे मूल ते वाचू शकते आणि घराला त्याचा उपयोग होतो. आजीच्या गोळ्यांची मुदत कधी संपते हे वाचून सांगणारे मूल इंग्रजीचा सराव करते, आणि त्या सरावाला अर्थ असतो. येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. कीटकनाशकांचे डबे या कृतीतून कटाक्षाने वगळले पाहिजेत. आणि औषध कोणते व किती घ्यावे हे ठरवण्याचा भार मुलावर येता कामा नये. तारीख वाचणे वेगळे, आणि डोस ठरवणे वेगळे.

घराच्या बोलण्यातील इंग्रजी हा याहून समृद्ध आणि जवळजवळ अस्पर्शित भाग आहे. मराठी घरात रोज शेकडो इंग्रजी शब्द वापरले जातात, पण ते मराठीने आपलेसे करून घेतलेले असतात. ‘ग्लास’ स्टीलचा असतो. ‘हॉटेलात’ चहा मिळतो, मुक्काम होत नाही. ‘लाईट’ गेली म्हणजे वीज गेली. ‘बॅटरी’ म्हणजे अंधारात लावायची विजेरी, ‘गॅस’ म्हणजे शेगडी, ‘क्लास’ म्हणजे शिकवणी. मराठीत ग्लास पुल्लिंगी आणि लाईट स्त्रीलिंगी का झाली, हा प्रश्न महाविद्यालयीन भाषाविज्ञानाच्या वर्गातही रंगावा. चौथीच्या मुलाने घरातील अशा वीस शब्दांची यादी करावी, तो शब्द आई कोणत्या अर्थाने वापरते ते लिहावे, आणि शब्दकोशातील अर्थाशी तो ताडून पाहावा, ही कृती कोणत्याही घरात करता येते. तीसाठी पालकाला इंग्रजी येण्याची गरज नाही. त्याला फक्त नेहमीसारखे बोलायचे आहे. मुलाच्या मनात यातून एक दिलासाही निर्माण होतो, की इंग्रजी ही घराला अगदीच परकी नाही.

हॅरिंगेचा पुरावा

इंग्रजी न येणाऱ्या पालकाची मुलाच्या इंग्रजी वाचनाला मदत होऊ शकते, या विधानाला प्रयोगाचा आधार आहे. उत्तर लंडनमधील हॅरिंगे या कामगारवस्तीच्या भागात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅक टिझर्ड, विल्यम स्कोफिल्ड आणि जेनी ह्यूइसन यांनी एक प्रयोग केला. निवडलेल्या वर्गांतील मुले दोन वर्षे शाळेची पुस्तके घरी नेत आणि आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवीत. दुसऱ्या काही वर्गांना शाळेतच प्रशिक्षित शिक्षकाची जादा मदत दिली गेली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी वाचून दाखवणाऱ्या मुलांच्या वाचनात लक्षणीय प्रगती झाली. जादा शिक्षक मिळालेल्या वर्गांत तशी झाली नाही. यातील काही पालकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, काहींना ती बोलताही येत नव्हती. तरीही त्यांच्या मुलांना लाभ झाला. या पालकांना दिलेले काम ऐकण्याचे होते, हे येथे निर्णायक ठरते.

हा पुरावा जसाच्या तसा महाराष्ट्राला लावणे मात्र घाईचे होईल. ती मुले सहा ते आठ वर्षांची होती, त्यांची शाळा आणि रस्ता दोन्ही इंग्रजी होते, घरी न कळलेला शब्द दुसऱ्या दिवशी मैदानावर कळत होता. शिवाय रॉचडेल येथील बेलफील्ड प्रकल्पात पीटर हॅनन यांना वाचनचाचण्यांत तितकी ठळक वाढ आढळली नाही. मराठी मूल घरी इंग्रजी धडा मोठ्याने वाचते तेव्हा केवळ अक्षरांचा उच्चार करून मोकळे होण्याचा धोका अधिक असतो. ‘असर’च्या २०१६ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील २४.५ टक्के मुले इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकत होती, आणि जी वाचू शकत होती त्यांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येक पाच मुलांमागे जवळजवळ दोघांचे वाचन अर्थापर्यंत पोचलेले नव्हते. ही बाब उच्चारसुधारणेने भरून निघणारी नाही.

यावरचा उपाय त्या पाहणीच्या पद्धतीतच दडलेला आहे. ‘असर’च्या चाचणीत मूल वाक्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगते. हेच घरी घडू शकते. मुलाने चार-सहा वाक्ये इंग्रजीत वाचावीत आणि ऐकणाऱ्याने ‘काय सांगितलंय त्यात?’ एवढेच विचारावे. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर हा प्रश्न अधिकच खरा असतो; त्याला उत्तर खरोखर ठाऊक नसते. इंग्रजी जाणणारा पालक हाच प्रश्न विचारतो तेव्हा मुलाला तो परीक्षा वाटतो. या एका कृतीपुरते इंग्रजी न येणारे घर इंग्रजी येणाऱ्या घरापेक्षा थोडे पुढे असते. भाषाशिक्षणात मातृभाषेचा आधार घेणे म्हणजे जुन्या भाषांतरपद्धतीकडे परतणे, अशी शंका काही प्राध्यापकवर्गाकडून घेतली जाते. तिच्यात तथ्य कमी आहे. भाषांतरपद्धतीत शिक्षक भाषांतर सांगे आणि मूल ते पाठ करी. येथे मूल अर्थ लावते आणि तो अर्थ न जाणणाऱ्याला समजावते.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून आलेल्या ‘टिलीमिली’ या मालिकेचा येथे ओझरता उल्लेख करावा लागेल. मुले आणि घरातील मोठी माणसे मिळून घरात, अंगणात कृती करीत आहेत, हे तिचे स्वरूप होते. घराला वर्ग न बनवता घर म्हणूनच ठेवण्याची ही दिशा योग्य होती. इंग्रजीच्या गृहकृतींनी ती पुरेशी उचलली नाही.

वर्गाची बाजू

गृहकृतीचे दुसरे टोक वर्गात असते आणि तेथे ती बहुधा मरते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत पटसंख्येला दोन शिक्षक असतात. खेड्यातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळतो. त्याच्यापुढे तीस वह्या आल्या, की बरोबरची खूण आणि तारीख याहून अधिक काही होणे अवघड असते. लेखी गृहकृती घरात मोठ्यांकडून लिहून घेतली जाते आणि शाळेत न वाचता तपासली जाते, असे हे वर्तुळ पूर्ण होते. यात शिक्षकाला दोष देण्यासारखे फारसे नाही. कृतीची रचनाच त्याच्या वेळेचा विचार न करता झालेली असते.

मौखिक कृती या बाबतीत अधिक व्यवहार्य ठरते. रोज दोन मुलांनी घरून आणलेली माहिती दोन-दोन मिनिटे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगावी, अडेल तेथे मराठीचा आधार घ्यावा, आणि वर्गाने एखादा प्रश्न विचारावा. तीस मुलांची पाळी महिन्यात एकदा तरी येते. अशा वेळी शिक्षकाच्या इंग्रजीचीही कसोटी लागते, आणि आधारपत्राने शिक्षकाच्या प्रभुत्वाला दिलेले महत्त्व येथे पटते. मूल ‘माय ग्रँडमदर से’ म्हणाले तर ते तोडायचे, की पुढे जाऊ देऊन नंतर योग्य रूप सहज उच्चारून दाखवायचे, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. अध्यापक विद्यालयांच्या पाठनिरीक्षणात पाठटाचण आणि फलकलेखन यांना जितके गुण असतात, त्या मानाने या निर्णयाकडे लक्ष जात नाही.

राहता राहिला प्रश्न पालकांसाठीच्या सूचनेचा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बाजारात आणि शाळांत फिरणाऱ्या कित्येक इंग्रजी कार्यपुस्तिकांत ही सूचना इंग्रजीतच छापलेली असते, आणि तिच्याखाली सहीसाठी एक रेघ असते. ज्याला सूचना वाचता येत नाही त्याने ती पाळल्याबद्दल सही करायची, असा हा प्रकार आहे. ही सूचना मराठीत, दोन ओळींत आणि मोठ्या टायपात छापायला फारसा खर्च येत नाही : मुलाला वाचू द्या, मध्ये थांबवू नका, काय कळले ते मराठीत विचारा. आणि सहीच्या रेघेऐवजी, मुलाने आज काय सांगितले ते पालकाने एका वाक्यात मराठीत लिहावे, किंवा लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावे, अशी एक रिकामी ओळ तेथे ठेवता येईल. शिक्षकाला तीस सह्यांपेक्षा अशी तीस वाक्ये वाचायला जास्त वेळ लागेल हे खरे. पण कोणत्या घरी धडा कळला आणि कोठे तो नुसता उच्चारला गेला, हे त्याला त्यातून समजेल.